कमालची फॉरवर्ड लाइन

"फुटबॉल चालला होता की शादीचं जेवण, तेवढं सांगा मला," रबिया म्हणाली. "तू घे. नाही, आधी तुम्ही घ्या. पूर्ण मॅचभर तेच."

"हळू बोल," कमाल म्हणाला.

"हळूच बोलतेय. जोरात बोलायचं असतं तर मैदानावरच बोलले असते."

"गाडीत बसून तू काय बघितलंस ते माहीत आहे मला. भाबीबरोबर सूर्यफुलाच्या बिया सोलत होतीस."

"बिया दातांनी सोलतात. डोळे मोकळे असतात."

कमाल अंगणातल्या नळाशी उकिडवा बसून बुटांतली रेती झाडत होता. मॅच संपून घरी येऊन थोडाच वेळ झाला होता. कानांत, केसांत, मोज्यांत, सगळीकडे रेती होती. बासष्ट सालच्या डिसेंबरातला शुक्रवार होता आणि समुद्रावरून बोचरा वारा येत होता. बँकेच्या टीमशी सेमीफायनल शून्य-शून्य सुटली होती. पुढच्या शुक्रवारी रीप्ले.

"तो डाव्या बाजूचा चान्स आठवा," रबिया म्हणाली. "झहूर एकटा होता. समोर फक्त गोली, तोही घसरून बसलेला. आणि याने काय केलं? मान वळवली, अकबर कुठे आहे ते शोधलं आणि बॉल त्याच्याकडे ढकलला. अकबरच्या अंगावर तीन माणसं."

"त्याला पास म्हणतात."

"मला अडाणी समजू नका."

आतल्या खोलीतून लैलाचा आवाज आला. चौदा वर्षांची ही त्यांची मुलगी इंग्रजी शाळेत जायची आणि घरातही तेच बोलायची. "ही वॉज फ्री, अब्बा. टोटली फ्री."

"तू अभ्यास कर," कमाल म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या खोलीचा पडदा हलला आणि सफियाभाबी बाहेर आली. सफिया म्हणजे कमालच्या थोरल्या भावाची, अशरफभाईंची बायको, आणि अकबरची आई. तिच्या हातात चहाची किटली होती. ती तिने जमिनीवर जरा जास्तच आवाज करून ठेवली.

"काय गो रबिया, माझ्या पोरामुळे हरले का?"

"हरले कुठे भाबी, बरोबरीत सुटले."

"मग माझ्या पोराचं नाव कशाला निघालं? तुझ्या भावाला मध्ये घालायचंय, तर सरळ सांग ना. एवढा फेरा कशाला?"

रबियाने किटली उचलून कडेला ठेवली. झहूर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्यामुळे ती जे काही म्हणेल ते माहेरच्या बाजूचंच ठरणार होतं. खरं असलं तरी. खरं असलं तर जास्तच.

घर कुवेत शहरातल्या बनेद अल-गारमध्ये होतं. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या. अर्ध्यांत अशरफभाई, सफिया आणि अकबर. उरलेल्यांत कमाल, रबिया, लैला, आणि गेलं दीड वर्ष झहूर. स्वयंपाकघर एकच. अशरफभाई एका इमारतीच्या सामानाच्या गोडाऊनवर सुपरवायझर होते. कुवेतला सगळ्यात आधी तेच आले, बाणकोटहून मुंबई आणि मुंबईहून बोटीने. मग त्यांनी कमालला बोलावलं, कफीलशी, म्हणजे जामीन राहणाऱ्या अरब मालकाशी, बोलून त्याला शहरातल्या एका आयात करणाऱ्या कंपनीत हिशेबनीस म्हणून लावलं. अकबर मोठा झाल्यावर त्याला आपल्याच गोडाऊनवर घेतलं. झहूरचे कागदही त्यांनीच केले. या घरातलं कोणीही अशरफभाईंच्या शब्दाशिवाय कुवेतला पोचलेलं नव्हतं.

कमालने स्वतःहून मिळवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे टीम.

शहरात दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक संध्याकाळचं कमर्शियल कॉलेज होतं. दिवसा नोकरी करणारी हिंदुस्थानी, पाकिस्तानी पोरं तिथे टायपिंग, शॉर्टहँड आणि हिशेब शिकायची. कॉलेज म्हणजे चार खोल्या आणि पत्र्याच्या पंख्यांचा खडखडाट. पण त्याची फुटबॉलची टीम होती, टीमला हिरवे शर्ट होते, आणि शुक्रवारी बाकीच्या ऑफिसांच्या, इस्पितळाच्या, बँकेच्या टीमशी तिच्या मॅचेस व्हायच्या. कमाल तिथे एकदा अकबरच्या नावनोंदणीला गेला होता. जिन्याखाली पोरं भिंतीवर बॉल मारत होती. तो बघत उभा राहिला, मग कोट काढला, मग बाह्या वर केल्या. नावनोंदणी राहून गेली आणि दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. तेव्हापासून तो कोच. ऑफिसात त्याला 'परकार' म्हणत आणि घरात 'अशरफचा भाऊ'. मैदानावर वीस पोरं त्याला 'कोच' म्हणत. हा शब्द ऐकला की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

आज मॅच संपल्यावर प्रिन्सिपल मेंडोन्सांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "परकार, मिडफील्ड सुरेख, डिफेन्स पक्का. पण गोल कोण करणार? सीझनभर आपण गोलसाठी तळमळतोय. पुढच्या शुक्रवारी बाहेर पडलो तर कमिटी दुसरा कोच आणणार. एका इजिप्शियन पीटी मास्तरांना विचारलंही आहे. मी तुम्हाला अंधारात ठेवत नाही."

हे कमालने घरी सांगितलं नव्हतं. पण अकबर तिथेच उभा होता. त्यामुळे संध्याकाळच्या मगरीबच्या नमाजापर्यंत ते अंगणात सगळ्यांना माहीत होतं.

कमालची रचना साधी होती. चार फॉरवर्ड बॉल घेऊन येणार आणि मध्ये सेंटर फॉरवर्डला देणार. गोल तो करणार. सेंटर फॉरवर्ड म्हणजे अकबर, बावीस वर्षांचा, उंच, डोक्याने बॉल मारण्यात पटाईत. झहूर त्याच्या शेजारी डावीकडे. झहूर एकोणीसचा, काटकुळा, पण बॉल त्याच्या पायाला चिकटून राहायचा. सीझनच्या सुरुवातीला ही रचना चालली. मग बाकीच्या टीमना कळलं की अकबरला धरून ठेवलं की झालं. तेव्हापासून शून्य. शून्य-एक. शून्य-शून्य.

शनिवारी ऑफिसातून आल्यावर कमाल चटईवर खजुराच्या बिया मांडून बसला. अकरा आपल्या, अकरा बँकेच्या. बँकेच्या बियांना त्याने लैलाच्या शाईत बुडवून निळं केलं होतं. रबिया चहा घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"तुमचा अकबर कुठला?"

"हा."

"आणि माझा झहूर?"

"हा."

तिने झहूरची बी उचलली, निळ्या बियांच्या मधून वाट काढत सरळ गोलपर्यंत नेली आणि ठेवली. "काल तो इथपर्यंत पोचला होता. चार वेळा. एकदाही मारला नाही."

"अकबर जास्त चांगल्या जागी होता."

"कोण म्हणतं?"

"मीच शिकवलंय तसं. सेंटरला द्यायचा."

"तुम्ही शिकवलंत म्हणून तो देत नाही," रबिया म्हणाली. "तुम्ही शिकवलं नसतंत तरी दिला असता. आज जेवताना बघा. मी काही बोलणार नाही. फक्त बघा."

त्या घरात पुरुष आधी जेवत, एका मोठ्या थाळ्याभोवती बसून. वाढायला रबिया किंवा सफिया उभी असायची. त्या दिवशी भात आणि झुबेदी होती, म्हणजे आपलं पापलेट, आंबट तिखट कालवणातलं. अशरफभाईंनी बिस्मिल्ला करून हात घालेपर्यंत सगळ्यांचे हात मांडीवर होते. मग जेवण सुरू झालं. रबियाने मुद्दामच वाढताना पोटाकडचा एक जाड तुकडा झहूरच्या समोर ठेवला.

कमाल बघत होता. झहूरने तुकड्याकडे पाहिलं. मग बोटांनी तो हळूच अकबरकडे सरकवला आणि स्वतः शेपटीचा तुकडा घेतला. बोलणं चालूच होतं, कोणी थांबलं नाही. अकबरने तो तुकडा अर्धा मोडून बापाकडे सरकवला. अशरफभाईंनी तो खाल्ला. कोणी कोणाला काही म्हणालं नाही. कारण हे रोजचंच होतं. थाळ्यावर बसणाऱ्याला ते दिसत नव्हतं, उभं राहून वाढणारीला दीड वर्षं दिसत होतं.

नंतर हात धुताना रबिया त्याच्या हातावर पाणी ओतत होती. "बघितलंत?"

कमालने मान हलवली.

"तो इथे राहतो. खातो-पितो भाईजानच्या घरात. कागदं त्यांनी केली. त्याला कोणी काही शिकवलं नाही, पण पोरगं आपसूक शिकलं. चांगलं ते आधी अकबरकडे. मग तो मासा असू दे नाहीतर बॉल असू दे."

"तेवढ्याने असं होतं का?"

"तुमचं काय झालं होतं?"

कमाल हात पुसू लागला. तो गोदीतल्या टीममध्ये खेळायचा तेव्हाचे दिवस त्याच्या डोळ्यांपुढे येत राहिले. मुंबईच्या लीगमध्ये तो लेफ्ट आउट आणि अशरफभाई सेंटर. कमाल वाऱ्यासारखा पळायचा, लोक त्याच्यासाठी मॅच बघायला यायचे. पण तो गोलकडे कधी बघायचाच नाही. डोकं वर केलं की भाईजान कुठे आहेत तेवढं बघायचा. एका मॅचमध्ये गोली पडला, गोल सताड उघडा, बॉल कमालच्या पायाशी. तो थांबला. भाईजान मागून धावत येत होते. ते येईपर्यंत थांबला आणि मग त्यांच्याकडे दिला. गोल झाला. भाईजाननी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली होती. त्याला फार आनंद झाला होता.

हे सगळं त्याने रबियाला सांगितलं. ती ऐकत होती.

"आणि तो गोल तुम्हाला मारावासा नाही वाटला?"

"सुचलंच नाही," कमाल म्हणाला. हे बोलल्यावर त्याने कोरडे हात पुन्हा एकदा पुसले.

मंगळवारच्या प्रॅक्टिसला त्याला खात्री करून घेता आली. शुवैखच्या बाजूला एक मोकळं रेताड मैदान होतं. त्याच्या रेषा जळकं ऑइल ओतून आखलेल्या, कारण चुना वाऱ्याने उडून जायचा. गोडाऊनवर ट्रक उशिरा आला म्हणून अकबर वेळेवर पोचला नाही. तो नसताना झहूर असा खेळला की गोली डायस हात कमरेवर ठेवून उभा राहिला. डायस मडगावचा. गोलमागून पुन्हा पुन्हा बॉल आणताना तो कोंकणीत झहूरच्या सगळ्या नातेवाइकांची आठवण काढत होता. झहूरने मारले ते एकदा डाव्या पायाने, एकदा उजव्या, एकदा दोघांना चकवून. कमाल रेषेवरून ओरडला, "आणखी एक," आणि झहूरने आणखी एक मारला.

मग अकबर आला. बुटांच्या नाड्या बांधून मैदानात उतरला. झहूरच्या पायाशी बॉल होता, समोर डायस एकटा. झहूरने मान वळवली आणि बॉल अकबरकडे दिला.

"चाचा, याला सांगा तुम्ही," अकबर वैतागून म्हणाला. "माझ्या अंगावर तीन-तीन जण असतात. हा नेमका तिथेच बॉल आणून देतो. मी काय करू त्याचं? खिशात घालू?"

"झहूर," कमाल म्हणाला. "मारायचा."

"हो दुल्हाभाई."

पुन्हा तोच डाव केला. पुन्हा बॉल अकबरकडे.

"का?"

"अकबरभाई मोकळे दिसले."

"तो मोकळा नव्हता. त्याच्या पाठीवर माणूस बसला होता."

"मला दिसले," झहूर खाली मान घालून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला अकबर खरंच मोकळा दिसत होता.

त्या दिवशी घरी येताना कमालने ठरवलं की अकबरला उजवीकडे राइट आउटला घालायचं. तीन माणसं त्याच्यामागे कोपऱ्यात जातील, मध्यभाग रिकामा होईल, आणि झहूर मध्ये. देण्यासाठी जवळ कोणीच नसलं तर पोरगं मारेल. खजुराच्या बियांवर हे अगदी झकास दिसत होतं. अडचण एवढीच होती की हे अशरफभाईंना सांगायला हवं होतं. बुधवारी चहाच्या वेळी अशरफभाईंनी स्वतःच विचारलं, "टीम लागली का?" कमाल म्हणाला, "लागतेय." गुरुवारी पुन्हा विचारलं. पुन्हा कमाल म्हणाला, "लागतेय." रबिया कांदा कापत होती. तिने सुरी क्षणभर थांबवली आणि पुन्हा चालू केली.

शुक्रवारी मैदानाच्या कडेने गाड्या लागल्या होत्या. बायका गाड्यांत, पुरुष बाहेर. अशरफभाईंच्या जुन्या हंबर गाडीत मागे रबिया आणि सफिया, पुढे लैला. काचा वर, कारण वारा रेती घेऊन येत होता.

शिट्टी झाली आणि सफिया सीटवर पुढे सरकली. "हा कोपऱ्यात काय करतोय?"

"कोण?" रबिया म्हणाली.

"कोण म्हणजे? अकबर. त्याला तिकडे कोणी ढकलला?"

"बिया घ्या भाबी."

"नकोत मला बिया. तुझ्या नवऱ्याने केलंय ना हे? आणि मध्ये कोण आहे ते मला दिसतंय."

कमालचं गणित निम्मं बरोबर निघालं. बँकेचे दोन बॅक अकबरच्या मागे उजवीकडे गेले आणि मध्यभाग असा मोकळा झाला की तिथे चटई टाकून बसता आलं असतं. झहूर तिथे बॉल घेऊन पोचला. आणि थांबला. मैदानाच्या पार त्या टोकाला अकबर दिसला तसा त्याने बॉल तिकडे टोलवला. बॉल आडवा जाऊन ऑइलच्या रेषेबाहेर गेला. कडेला उभे असलेले मलबारी पोरगे हसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी अकबरने उजवीकडून सुंदर बॉल उचलून मध्ये टाकला, झहूरच्या डोक्यावर. झहूरने डोक्याने तो पुन्हा अकबरकडे परत पाठवला. आता सगळं मैदान हसलं. त्याच हशात बँकेवाल्यांनी बॉल पळवला आणि गोल केला.

हाफ टाइमला पोरं संत्री चोखत रेतीत बसली होती. कमाल बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात कोटाच्या खिशात हात घालून अशरफभाई आले.

"कमाल, अकबरला कोपऱ्यात का घातलास?"

सगळी पोरं बघत होती. मेंडोन्सा लांबून बघत होते.

"नंतर सांगतो, भाईजान," कमाल म्हणाला. "आता वेळ नाही."

अशरफभाई क्षणभर तिथेच उभे राहिले. आपल्याला काय उत्तर मिळालं हे त्यांना नीट ऐकू आलं नसावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. मग ते रेषेमागे गेले.

कमालने भाषण केलं नाही. त्याने फक्त अकबरला बाजूला घेऊन सांगितलं, "बॉल त्याच्याकडे गेला की तू ओरडायचं. मार म्हणून. तू सांगितलंस तर तो ऐकेल."

दुसऱ्या हाफमध्ये वारा फिरला आणि रेती बँकेच्या तोंडावर उडू लागली. कॉलेजची पोरं पेटली. बॉल त्यांच्याकडून सुटेना. डाव्या बाजूने आला, मध्ये झहूरकडे आला. एकाला त्याने चकवलं, दुसरा स्वतःच घसरला. समोर गोली. झहूरची मान वळायला लागली.

"मार रे," अकबर उजवीकडून गळा फाडून ओरडला. "मी सांगतोय, मार."

झहूरने मारला. बॉल असा गेला की गोलीने हातसुद्धा उचलला नाही. मागे जाळं नव्हतं, बॉल थेट गाड्यांपर्यंत आला आणि हंबरच्या चाकावर आपटला. गाडीत सफियाने रबियाचा हात इतका घट्ट धरला की बियांची पुडी उलटी झाली आणि दोघींच्या मांडीवर बियाच बिया. लैला दार उघडून कधी बाहेर गेली आणि मलबारी पोरांमध्ये उभी राहून कधी ओरडू लागली, हे दोघींच्या लक्षातही आलं नाही.

"बघ," सफिया म्हणाली, "माझ्या पोराने सांगितलं म्हणून मारला."

"हो भाबी," रबिया म्हणाली. तिला तेच टोचलं होतं.

पाच मिनिटांनी पुन्हा तशीच वेळ आली. झहूर, बॉल, समोर गोली. पण अकबर उजवीकडे डोळे चोळत वाकला होता, त्याच्या डोळ्यांत रेती गेली होती. झहूरने मान वळवली. वाट पाहिली. रेषेवरून अशरफभाई ओरडले, "अरे मार ना," पण तोवर बँकेचा बॅक येऊन बॉल घेऊन गेला होता.

शेवटी जिंकले. मॅच संपता संपता कॉर्नर मिळाला, गोलसमोर दहा-बारा पायांची गर्दी झाली, बॉल कुणाच्या तरी पाठीवर आपटून अकबरच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. दोन-एक. पोरांनी कमालला उचललं. मेंडोन्सांनी टोपी काढली. डायसने गोलमधून पळत येऊन झहूरला मिठी मारली आणि दोघे रेतीत पडले. हंबरमध्ये सफिया रडत होती आणि हसत होती.

"पुढच्या शुक्रवारी फायनल," मेंडोन्सा म्हणाले. "ऑइल कंपनीवाल्यांशी. त्यांचा डिफेन्स बघितलाय ना तुम्ही? तिथे गोल झाले तर मी कमिटीपुढे तुमच्यासाठी भांडेन."

संध्याकाळी घर गजबजलं होतं. सफियाने शेवयांची खीर केली होती. डायस आणि आणखी तीन पोरं अंगणात चटईवर बसली होती. सगळे एकाच वेळी बोलत होते आणि प्रत्येक जण तीच मॅच निराळी सांगत होता. अकबर आपला गुडघा दाखवत होता. "हाच," तो म्हणत होता, "हा काल दुखत होता. आता याला साखर लावून ठेवणार."

"अकबरभाई, नेम धरला होता की गुडघ्याला स्वतःचं स्वतः सुचलं?" डायसने विचारलं.

"माझे सगळे अवयव शिकलेले आहेत."

कमाल मात्र भिंतीला टेकून बसला होता. पेल्यातला चहा निवला होता. अशरफभाई त्याच्यासमोर येऊन बसले.

"आता सांग. कोपऱ्यात का घातलास?"

कमालने सांगितलं. बॅक बाजूला ओढायचे, मध्ये जागा करायची. अशरफभाईंनी ऐकून घेतलं. ते जुने सेंटर फॉरवर्ड होते, त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. "दोन गोल झाले. आता तोंड कशाला पाडलंयस?"

"दोन कुठे झाले, भाईजान? दुसरा गुडघ्याने झाला. पहिला अकबरने मारला. पाय तेवढा झहूरचा होता. अकबरच्या डोळ्यांत रेती गेली तेव्हा काय झालं ते तुम्ही बघितलंत. ऑइलवाले अकबरला श्वास घेऊ देणार नाहीत. त्याने खेळायचं की दर वेळी याला परवानगी द्यायची?"

"एवढंच ना." अशरफभाईंनी हाक मारली, "झहूर, इकडे ये."

झहूर पळत आला आणि उभा राहिला.

"फायनलला बॉल आला की तू मारायचा. कोणाकडे बघायचं नाही. मी सांगतो. मी परवानगी दिली. समजलं?"

"जी, भाईजान."

"बस मग. खीर खा."

झहूर बसला नाही. त्याने अशरफभाईंचा रिकामा पेला उचलला, अकबरच्या हातातला घेतला, कमालचा घ्यायला हात पुढे केला. मग तिन्ही घेऊन नळाकडे गेला आणि विसळू लागला. कमाल त्याच्या पाठीकडे बघत होता. रबिया खिरीचं भांडं घेऊन उंबऱ्यात उभी होती. तीही बघत होती.

"याला इथून हलवायला पाहिजे," कमाल म्हणाला.

"हलवायला म्हणजे?"

"राहायला दुसरीकडे."

अशरफभाईंचा आवाज बदलला. "माझ्या घरात काय कमी पडलं त्याला?"

"काहीच नाही. काहीच कमी पडत नाही, भाईजान."

"मग?"

"लोक काय म्हणतील," सफिया मध्येच म्हणाली. "पोरगं आलं, जेवलं, खेळलं, आणि हिने जावेच्या भावाला बाहेर काढलं. माझ्या नावाने बोलतील गो, रबियाच्या नाही."

डायस चटईचे धागे उपटत होता. लैलाने हळूच विचारलं, "वेअर विल ही गो?" झहूर नळाशी ओले पेले हातात धरून उभा राहिला होता. त्याने रबियाकडे पाहिलं. रबियाला त्याला मध्ये खेळायला घालायचं होतं, घराबाहेर काढायचं नव्हतं. आई-बापाने ज्याला तिच्या ओटीत घातलं होतं तो मुलगा. नवऱ्याने तिला आधी विचारलंही नव्हतं. पण त्याच्या हातातले तिघांचे पेले तिला दिसत होते. मग ती खिरीचं भांडं खाली ठेवून आत गेली आणि झहूरची चादर दोरीवरून काढून घड्या घालू लागली.

"कमाल," अशरफभाई म्हणाले, "हे आपण उद्या बसून बोलू. दोघे."

कमाल उठला. त्याने डायसला विचारलं, "तुम्ही पोरं मिरगाबला राहता त्या खोलीत एक खाट रिकामी आहे ना?"

"आहे, कोच."

"झहूर उद्यापासून तिथे राहील," कमाल म्हणाला. तो कोणा एकाकडे बघून बोलत नव्हता. "जेवणही तिकडेच, पोरांबरोबर. फायनलपुरतं नाही, पुढेही. उद्या मगरीबनंतर मी त्याची ट्रंक पोचवून येतो. आणि शुक्रवारी झहूर सेंटरला, अकबर राइट आउटला."